मैत्रीण येतेय आणि किमोनो घालायचाय: दुकानातून की शेजारच्या ओबासानकडून?

मोगरा

मंडळी, सल्ला हवाय.

माझी शाळेपासूनची मैत्रीण सुमी नोव्हेंबरच्या मध्यात साताऱ्याहून आमच्याकडे ओसाकाला येतेय. तिनं फोनवर यादी वाचून दाखवली. त्यात फुजी नाही, बुलेट ट्रेन नाही, पहिलंच कलम "आपण दोघींनी किमोनो घालून हिंडायचं". मी इथे राहूनही उन्हाळी जत्रेतला सुती युकाता (पातळ, साधा किमोनो) सोडला तर कधी त्या वाटेला गेलेली नाही.

दोन पर्याय आहेत. एक, क्योतोला जाऊन भाड्यानं घ्यायचा. दुसरा, आमच्या शेजारच्या ओबासान, म्हणजे मावशी. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहतात. त्यांच्यापाशी सहज विषय काढला तर म्हणाल्या, माझ्याकडे कपाटभर पडलेत, मी नेसवते की दोघींना.

शंका अशा: सुमी अंगानं चांगली भरलेली आहे, मापाचा मिळेल का? ओबासानचं रेशीम आणि आमच्या दोघींचा धांदरटपणा, हे जमायचं कसं? आणि आमचे हे म्हणतात, "पर्यटकांचा फॅन्सी ड्रेस आहे तो, लोक मनात हसतात." खरंच हसतात का?

गोदाकाठ

हसत नाहीत. बघायलाही कोणाला वेळ नसतो.

मी बहिणीला घेऊन क्योतोत दुकानातून घेतला होता. कियोमिझू देवळाच्या चढावर अशी दुकानं ओळीनं आहेत. साधारण तीन-चार हजार येनांपासून सुरू. त्यात किमोनो, ओबी (कमरेचा रुंद पट्टा), अंगठ्याचे मोजे, चपला, हातातली पिशवी असं सगळं येतं. केस करून हवे असतील तर वेगळे पैसे. आणि "हा जरा बरा दिसतोय" म्हणून आपण बोट दाखवतो तो नेमका वरच्या दरातला निघतो. कापड निवडायलाच आम्हाला जास्त वेळ लागला. नेसवणाऱ्या मुलींचे हात इतके भराभर चालतात की आपल्याभोवती काय काय गुंडाळलं हे कळतच नाही. संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या आत परत द्यायचा, उशीर झाला तर दंड.

मग निनेनझाका, सान्नेनझाका या उताराच्या जुन्या गल्ल्या, यासाका पॅगोडा, ठरलेले फोटो. दगडी पायऱ्या आहेत आणि किमोनोत पाऊल वीतभरच पडतं, तेव्हा सांभाळून. नोव्हेंबरात पानं लाल झालेली असतात, म्हणजे गर्दीचा कळस. सकाळी दुकान उघडताना पोचलात तर फोटोत तुम्ही दोघी, अकरानंतर गेलात तर फोटोत अख्खं जग.

ओसाकाहून जेआर रेल्वेनं क्योतो स्टेशनला उतरून बसच्या रांगेत उभं राहू नका. केइहान रेल्वेची गाडी पकडा, थेट गिऑन-शिजो स्टेशनला उतरवते.

तिरकस_तात्या

अंगाभोवती कापडच गुंडाळून घ्यायचं होतं तर कोरेगावच्या मावशी नऊवारी फुकटात नेसवतात, वर चहा पाजतात. विमानाचं तिकीट वाचलं. हलकेच घ्या.

सुईदोरा

तात्या, तुमच्या मावशींचा पत्ता द्या, आधी खात्री करून घेते.

मोगरा, मापाची काळजी सोड. मी शिवणकाम करते, त्यामुळे किमोनो हातात आला की आधी उलटा करून शिवणी बघते. त्याचं कापड ठरावीक पन्ह्याचं असतं, साधारण ३६ ते ३८ सेंमी, आणि लांबी बारा मीटरच्या आसपास. एका थानात एका माणसाचा किमोनो. कापायचं ते सगळं सरळ रेषेत. मुंढ्याची गोलाई नाही, टक्स नाहीत, गळा खोल-उथळ असा प्रकार नाही. जादा कापड कापून टाकत नाहीत, शिवणीत आत दडवतात. म्हणून आजीचा किमोनो उसवून नातीच्या मापानं पुन्हा शिवता येतो. पूर्वी धुतानासुद्धा उसवून, तुकडे थानासारखे परत जोडून, ताणून वाळवायचे.

लांबी तर बघूच नको. बायकांचा किमोनो मुळातच उंचीइतका लांब असतो आणि कमरेपाशी दुमडून घेतात, त्या दुमडीला ओहाशोरी म्हणतात. अडचण येते ती दोन ठिकाणी. पुढचे दोन्ही पल्ले एकावर एक पुरेसे येतायत का, आणि बाही मनगटापर्यंत पोचते का. ओबासानच्या पिढीच्या बायका बुटक्या, त्यांच्या जुन्या किमोनोंच्या बाह्या आखूडच निघणार. सुमीची उंची किती आहे? दुकानांत रुंद मापाचे असतात, पण आधी कळवून ठेवलेलं बरं.

मोगरा

सुमी पाच फूट एक इंच, मी पाच-पाच. म्हणजे बाहीची पंचाईत माझीच दिसतेय. 😄

दुसरी_बाजू

थोडं विरुद्ध लिहितो, राग मानू नये.

दुसऱ्या समाजाचा पारंपरिक पोशाख तासाभरासाठी अंगावर चढवायचा, फोटो काढायचे आणि परत करायचा, यात काहीच खटकत नाही का कोणाला? बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये २०१५ साली यावरूनच वाद झाला होता. चित्रकार मोनेचं १८७६ चं चित्र आहे, त्याची बायको लाल किमोनोत उभी आहे. त्या चित्रासमोर तसाच किमोनो घालून बघायची सोय संग्रहालयानं ठेवली होती. निदर्शनं झाली आणि घालून बघणं बंद करावं लागलं. उद्या कोणी परदेशी बाई नऊवारी, नथ आणि मुंडावळ्या घालून शनिवारवाड्यासमोर फिरली तर आपल्याला काय वाटेल?

तिरकस_तात्या

आपण तिच्यासोबत सेल्फी काढू, मग तिची बातमी होईल, मग तिला गणपतीच्या आरतीला बोलावू.

निशिकासाईकर

दुसरी_बाजू, बोस्टनचं अर्धंच सांगितलंत. त्या निदर्शनांच्या विरोधात किमोनो घालून आलेले लोक होते आणि त्यांत जपानी बायका होत्या. त्यांचं म्हणणं, घालू द्या की लोकांना. शिवाय तो किमोनो आधी जपानातही त्याच चित्रासोबत मांडला होता आणि तिथे लोकांनी हौसेनं घालून बघितला होता. अमेरिकेत राहणाऱ्या आशियाई लोकांचं दुखणं वेगळं आहे, त्यांना शाळेत चिडवलं गेलंय, ते खोटं म्हणता येणार नाही. पण ते दुखणं क्योतोच्या दुकानदाराचं नाही.

इथल्या लोकांना राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा. अमेरिकन तारका किम कार्डाशियननं २०१९ मध्ये आपल्या अंतर्वस्त्रांना 'किमोनो' नाव देऊन ते नोंदवायला घेतलं, तेव्हा क्योतोच्या महापौरांनी पत्र लिहून विरोध केला आणि तिला नाव बदलावं लागलं. हे महापौर कादोकावा स्वतः कायम किमोनोत असायचे.

मोगराताई, तुमच्या ह्यांना सांगा, ओबासान स्वतः नेसवायला तयार असेल तर हसायचा प्रश्नच कुठे येतो?

दुसरी_बाजू

कार्डाशियनचा मुद्दा मान्य. तरी भाड्याच्या दुकानातला पॉलिएस्टरवर लेस लावलेला प्रकार म्हणजे परंपरा, हे मला पटत नाही.

निशिकासाईकर

ते मलाही पटत नाही. पण त्याच दुकानांत जपानी कॉलेजच्या पोरीही रांगा लावतात, त्यांच्या घरी आता नेसवणारं कोणी उरलेलं नसतं.

चिंचगूळ

मोगरा, डोळे मिटून ओबासान.

मी नागोयाला असताना फोंड्याची मैत्रीण आली होती. आमच्या घरमालकीणबाई नेसवायला आल्या. तातामीच्या (गवती चटयांच्या) खोलीत त्यांनी आधी सगळं जमिनीवर ओळीनं मांडलं. आतला पांढरा झगा, त्यावरचा जुबान (किमोनोच्या आत घालायचा दुसरा झगा), चार-पाच दोऱ्या, रुंद पट्टे, ओबी, ओबीच्या आत घालायची छोटी उशी, आणि टॉवेल. टॉवेल कशाला म्हणाल तर कंबर बुजवायला! छातीपासून खाली सगळं गुंडाळलेल्या सतरंजीसारखं सरळ आलं पाहिजे. जन्मभर कंबर दिसावी म्हणून साडी चापूनचोपून नेसलो आणि इथे ती टॉवेल भरून झाकायची. मैत्रीण पोटावर हात ठेवून म्हणाली, "अगे, माझा टॉवेल मी फोंड्याहूनच बांधून आणलाय." मोगरा, तुझ्या सुमीला हे मुद्दाम सांग. सडपातळ बाईला जास्त खटपट, भरलेल्या बाईला कमी.

बाई गुडघ्यांवर बसून, ओठांत दोरी धरून काम करत होत्या. आधी मागून कॉलर ओढून मानेमागे मूठ मावेल इतकी जागा केली. मग डावा पल्ला उजव्यावर. मग दोरी. बायकांच्या किमोनोत काखेखालची शिवण उघडी असते, तिथून दोन्ही हात आत घालून त्यांनी आतल्या कापडाच्या सुरकुत्या काढल्या. मैत्रिणीला इतक्या गुदगुल्या झाल्या की ती खाली बसली आणि सगळं सुटलं. बाई न रागावता पुन्हा पहिल्यापासून. ओबी आवळताना मात्र त्या आपला पाय मागे रोवून ओढतात, तेव्हा भिंत धरायची. शेवटी पाठीवरच्या गाठीवर चापट मारून "झालं" म्हणतात.

आम्ही कुठे लांब गेलोच नाही. कोपऱ्यावरच्या देवळात, मग घरमालकीणबाईंच्या दोन मैत्रिणींकडे, कारण त्यांना "माझ्या इंदोजिन (भारतीय) मुली" दाखवायच्या होत्या. दुकानात हे मिळत नाही.

रमाकांत_अंधेरी

चिंचगूळ, काय लिहिलंयस! गुदगुल्यांवर खुर्चीतून पडलो.

आक्का_पार्ले

सगळं छान, पण मी व्यवहाराचं बोलते. दुसऱ्याचं रेशीम अंगावर घालून सोया सॉस सांडला तर? रेशमी किमोनो घरी धुता येत नाही. धुवायला टाकायचा खर्च ऐकून चक्कर येते आणि ओबासान पैसे घेणार नाहीत. मग आयुष्यभर शेजारीण समोर आली की आपण जिन्यानं पळायचं. दुकानात निदान विम्याचे पाचशे येन भरून मोकळं होता येतं.

चिंचगूळ

आक्का, रास्त आहे. पण नको म्हणणंही ओबासानला लागेल. त्यांच्या पिढीच्या बायकांकडे कपाटांत किमोनो पडून आहेत, कागदात गुंडाळलेले. मुली-सुनांना ते नको असतात. जुनं दुकानदार घेतात ते कवडीमोलानं. क्योतोला तोजी देवळाच्या आवारात दर महिन्याच्या २१ तारखेला बाजार भरतो, तिथे हजार येनात ढिगातून रेशीम निघतं, ते बघून माझ्याच पोटात कालवलं. ओबासानला ते कोणाच्या तरी अंगावर बघायचे असतील.

सोया सॉसवर उपाय: किमोनोत असताना रामेन, करी, सॉसवालं काही नाही. समोरचं काही घ्यायचं तर दुसऱ्या हातानं बाही धरायची. मोठा रुमाल कॉलरपासून लावून बसायचं. नाहीतरी ओबी बांधल्यावर दोन घासांच्या वर जातच नाही.

गोदाकाठ

खाण्यावरून आठवलं, स्वच्छतागृहाचं कोणी लिहिलं नाही. लाजू नका, महत्त्वाचं आहे. आधी दोन्ही बाह्या पुढे घेऊन ओबीजिमेत (ओबीवर बांधलेल्या दोरीत) खोचायच्या. मग एकेक थर वेगवेगळा उचलायचा, सगळं एकदम नाही. बाहेरचा, मग जुबान, मग आतला. खाली सोडताना उलट्या क्रमानं. आणि जायचं असेल तिथे घरूनच जाऊन या.

कंदीपेढा

डावा पल्ला वर, हे कोणी तरी मोठ्या अक्षरांत लिहा. उजवा वर आला की तो मेलेल्या माणसाला घातलेला किमोनो. बायका, पुरुष, पोरं, सगळ्यांना एकच नियम.

यात एक गंमत होते. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात चित्र उलटं दिसतं आणि काही फोनांत फोटो तसाच उलटा साठतो. माझ्या भाचीनं किमोनोतले सेल्फी घरच्या ग्रुपवर टाकले आणि आमचे एक काका, जे नुकतेच कुठेतरी हा नियम वाचून बसले होते, त्यांनी लगेच लिहिलं, "अशुभ! ताबडतोब काढ!" तिनं नीटच घातला होता. तेव्हा ग्रुपवर टाकायचे फोटो दुसऱ्याकडून काढून घ्या.

तिरकस_तात्या

असा काका प्रत्येक ग्रुपवर एक असतोच. आमच्याकडे मीच आहे.

वाटसरू७

पुरुषांनी काय करायचं? नुसतं पर्स धरून मागे चालायचं का?

कंदीपेढा

वाटसरू, पुरुषांचं सोपं आणि स्वस्त. ओहाशोरी नाही, ओबी अरुंद, तो पोटाच्या खाली कमरेवर बांधतात. पोट असलेल्या माणसाला किमोनो शोभतो, बारीक माणसाला इथेही टॉवेल भरतात. सुटाबुटाचा सूड घ्यायची हीच संधी.

वरून हाओरी घ्याच, जॅकेटासारखं असतं ते. एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) व्यापारी लोकांनी भपका करायचा नाही असे सरकारी हुकूम निघायचे. मग हे व्यापारी बाहेरून साधा काळा-करडा रंग घालायचे आणि हाओरीच्या आतल्या अस्तरावर सगळी चित्रकारी, वाघ, फुजी, काय वाट्टेल ते. जुन्या बाजारात हाओरी उलटी करून बघा, मजा येते.

सुईदोरा

कंदीपेढा, हे अस्तराचं अगदी खरं.

अवांतर: आईची जुनी पैठणी होती, निऱ्यांच्या जागी विरलेली. ती वापरून मी ओबी शिवलाय. साडीचा पन्हा सव्वा मीटरच्या आत-बाहेर आणि ओबी साधारण ३१ सेंमी रुंद, चार मीटरच्या वर लांब. विरलेला भाग टाळून जोड गाठीच्या आत दडवला, पदरावरचा मोर पाठीवरच्या चौकोनी गाठीवर आणला. जपानी मैत्रिणीला दिला, ती सणासुदीला बांधते.

आक्का_पार्ले

पैठणी कापली?????

शेवंती_नाशिक

मला पाणी द्या कोणीतरी. पदराला कात्री??

सुईदोरा

आक्का, निऱ्यांत बोट गेलं की भोक पडत होतं. कपाटात मलमलच्या फडक्यात ठेवून दर दिवाळीला उघडून हळहळायचं आणि परत ठेवायचं, याला जपणं म्हणत असतील तर म्हणा.

आक्का_पार्ले

कळतंय गं, पण पोटात खड्डा पडला तो पडला. जरीचा ओबी जड नाही का होत?

सुईदोरा

होतो, पण तो ताठ राहतो. मऊ साडीचा केला असता तर आतून जाड अस्तर लावावं लागलं असतं.

शेवंती_नाशिक

मोगराताई, आणखी एक विचारते. मंगळसूत्र, बांगड्या, टिकली हे किमोनोवर चालतं का? सासूबाई सोबत असतील तर काढून ठेवणं अवघड.

निशिकासाईकर

किमोनोवर गळ्यात काही घालायची पद्धत नाही, कॉलर आणि मान मोकळी दिसली पाहिजे. मंगळसूत्र आतल्या जुबानच्या खाली सरकवायचं, दिसतही नाही आणि सासूबाईही खूश. बांगड्या काढाव्यात. काचेच्या असतील तर बाहीत अडकतात आणि धातूच्या असतील तर रेशमाचा धागा ओढतात. टिकलीला कोणाची हरकत नाही, माझ्या बायकोनं लावली होती. बांगडीला अडकवलेल्या सेफ्टी पिनाही घरी ठेवा. किमोनोत पीन कुठेच लागत नाही, सगळा कारभार दोऱ्यांवर. आमच्या बायकोला हे पटायला वेळ लागला, तिनं एक पीन गुपचूप लावलीच.

कंदीपेढा

चपलांचं सांगायचं राहिलं. पर्यटक झोरी घालून फोड आलेले पाय घेऊन बसतात, आपण अंगठ्याच्या चपलांवर वाढलेले. सुमीताई कोल्हापुरी घालत असतील तर तासाभरात सरावतील. फक्त टाच चपलेच्या मागे जराशी बाहेर राहते, ती तशीच राहू द्यायची. मोठं माप मागू नका.

दुसरी_बाजू

बरं, मी हरलो असं समजा. पण क्योतोला जाणार असाल तर एक विनंती. गिऑनमधल्या खऱ्या माइकोंच्या (शिकाऊ गेइशांच्या) मागे फोन घेऊन पळू नका. त्या कामावर निघालेल्या असतात. लोकांनी इतका उच्छाद मांडला की २०२४ पासून तिथल्या खासगी गल्ल्या पर्यटकांना बंद केल्यात, शिरलात तर दहा हजार येन दंडाची पाटी लावलीय. मुख्य हानामिकोजी रस्ता खुला आहे. आणि भर दुपारी पांढराफटक चेहरा रंगवून निवांत फोटो देत उभी असलेली बहुधा माइको नसतेच, पैसे देऊन तसा वेश केलेली हौशी मुलगी असते.

गोदाकाठ

दुसरी_बाजू, यावर मात्र +१००.

रमाकांत_अंधेरी

क्योतोच कशाला? टोकियोकडच्यांना कावागोए जवळ आहे. जुनी काळ्या गिलाव्याची गोदामवजा दुकानं, लाकडी घंटाघर, आणि ८, १८, २८ तारखांना किमोनो घालून गेलं तर काही दुकानांत सवलत. पश्चिमेकडे कुराशिकी. ओकायामाहून लोकलनं थोडंच. पुण्याच्या सिंहगड रोडवरची ती जपानी बाग ज्या ओकायामाच्या मैत्रीखातर झाली, तेच ओकायामा. आणि किमोनोचा बाऊ वाटत असेल तर किनोसाकी या गरम झऱ्यांच्या गावाला जा. सार्वजनिक स्नानगृहं, सगळं गाव युकाता आणि गेता (लाकडी चपला) घालून टॉकटॉक करत रस्त्यावर. तिथे तुम्ही जीन्स घातलीत तर वेगळ्या दिसाल.

मोगरा

बापरे, केवढे प्रतिसाद! ह्यांना अख्खा धागा वाचून दाखवला. ते आता हाओरीचं अस्तर कुठे मिळेल विचारतायत, तेव्हा फॅन्सी ड्रेसचा मुद्दा निकालात निघाला.

ठरलं ते असं. ओबासानला होकार दिला. त्यांनी कपाट उघडून आठ-दहा किमोनो दाखवले. नोव्हेंबर म्हणजे अस्तरवाले, हे त्यांनीच सांगितलं. सुमीसाठी करड्यावर बारीक रेघांचा निघालाय. माझ्यासाठी त्यांच्या कैलासवासी नणंदेचा, ती उंच होती, बाही पुरली. लांब बाह्यांचा एक लालभडक फुरिसोदे दिसला तर मी हात लावला, तेव्हा ओबासान म्हणाल्या, "तो लग्नाआधीचा. तुझ्या मुलीला घालू." आक्का, डागांचं मी स्पष्ट विचारलं. त्या म्हणाल्या, डाग पडला तर तू मला रोज चहा पाज. क्योतोला सुमीला नेऊ, पण साध्या कपड्यांत. किमोनो घालून आमच्याच भागातल्या देवळापर्यंत आणि नदीकाठानं.

पण एक अट आहे. ओबासानला साडी नेसायचीय! सुमी म्हणते नऊवारीच आणते. आता तुम्ही सांगा: सत्तरीची बाई, उंची चार फूट दहा इंच असेल, नोव्हेंबरची थंडी. नऊवारी की सहावारी?

शेवंती_नाशिक

नऊवारी! काष्टा घातला की उलट चालायला मोकळं, पायात येत नाही.

आक्का_पार्ले

अजिबात नको. सवय नसलेल्या बाईला काष्ट्यानं अवघडल्यासारखं होतं. सहावारी, सुती, मऊ. इरकल आणा, धारवाडी खण नको, टोचतो. परकर मात्र सोबत आणा, सैल नाडीचा; मापाचा तिकडे मिळायचा नाही.

सुईदोरा

उंची कमी असेल तर साडी खोचताना वरून वितभर जास्त आत घ्या, त्यांना ओहाशोरीची सवय आहे, लगेच समजेल. ब्लाउजची अडचण येणार. थंडी आहे, पूर्ण बाहीचा पातळ लोकरी ब्लाउज किंवा बंद गळ्याचा स्वेटर चालेल. दंड आणि छाती मोजून पाठव, मी शिवून सुमीसोबत पाठवते. पुण्यात असेन तोवर.

तिरकस_तात्या

आणि ओबासानकडे रिकाम्या हातानं जाऊ नका. चिवडा न्या.

निशिकासाईकर

चिवडा नको तात्या, मिरचीचा तुकडा दाताखाली आला की बिचारी हसून "ओइशी" (मस्त चव) म्हणेल आणि दिवसभर पाणी पीत राहील. शंकरपाळे न्या.

शेवंती_नाशिक

शंकरपाळ्यांना +१. डब्यात द्या, डबा परत मागू नका.

वाटसरू७

माझा प्रश्न राहिला. सहा फूट माणसाला हाओरी कुठे मिळेल?

कंदीपेढा

वाटसरू, खासगी निरोप करतो. जुनी मिळणार नाही, नवीन शिवावी लागेल.

मोगरा

@सुईदोरा, टेप घेऊन संध्याकाळी ओबासानकडे जाते. स्वेटर नको म्हणाल्या, ब्लाउजच हवाय, "अगदी तुझ्यासारखा". गळा मागून किती खोल ठेवू?

सुईदोरा

त्यांनाच विचार. मान मागून मोकळी ठेवायची त्यांना सवय आहे, चार इंच म्हणाल्या तरी दचकू नकोस.